सिकलसेलच्या ट्रायलवर काम करायला येताय? आधी 'हो जी' समजून घ्या

गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) एका ट्रायलवर, म्हणजे औषधाच्या चाचणीवर, मी कोऑर्डिनेटर होतो, नवीन पोरं विचारत राहतात म्हणून लिहून राहिलो. पहिल्याच आठवड्यात एक बाई १४ वर्षाच्या पोराला घेऊन आल्या. मी संमतीपत्राचं दुसरं पान उलटवलं नाही तोच त्यांनी अंगठा पुढं केला, म्हणे तुमी वाचलं ना जी, मंग झालं. मला तर मस्त वाटलं, एक एनरोलमेंट वाढली! साक्षीदार म्हणून मी आमच्याच ट्रायलच्या लॅबवाल्या भाऊची सही घेतली.

सिस्टरनं संध्याकाळी फाईल पाहिली अन् जे झापलं. वाचता न येणाऱ्या माणसाच्या संमतीला साक्षीदार ट्रायलशी संबंध नसलेलाच लागतो, औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत सरळ लिहून आहे. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळेस मी "नवीन औषध" हा शब्दच टाळला, कारण गावात नवीन म्हणजे चांगलंच समजतात, पण तसं नसते. वोक्सेलोटरचंच पाहा, अमेरिकेत २०१९ मधे मंजूर झालेलं सिकलसेलचं औषध, २०२४ मधे कंपनीनं जगभरातून परत घेतलं. म्हणून बाईंना सांगितलं, ही गोळी चालते का नाही तेच पाहून राहिलो, कोणाला खरी अन् कोणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरते, मला बी माहीत नसते. त्या थोडा वेळ गप्पच. मग हळूच म्हणे, "नाही म्हटलं त आमची नेहमीची गोळी बंद करान का?"

तिथं माझी ट्यूब पेटली. पहिला अंगठा हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे ती नेहमीची गोळी, बंद होईल या भीतीचा होता, त्याला संमती कसं म्हणायचं? तेव्हापासून मी सुरुवातच "नाही म्हटलं तरी इलाज चालूच राहते" इथून करतो.

अजून एक, पेशंट दुखण्यानं ॲडमिट झाला की सिकलसेलमधे होतेच म्हणून सोडून देऊ नका. ॲडमिट होणं हीच सिरियस घटना, नियमाप्रमाणे २४ तासांच्या आत कळवावं लागते. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडते, तर प्रवासखर्चासोबत तो पैसाही एथिक्स कमिटीकडून (ट्रायलमधे पेशंटचं हित पाहणारी समिती) आधीच मंजूर करून ठेवा, मात्र रक्कम एवढी मोठी नको की पैशासाठीच कोणी गोळी घेईल.

त्या पोराला बी विचारलं, १२ वर्षाच्या वर त्याची वेगळी लेखी संमती लागते. तो म्हणे, नाही, लय सुया टोचतात. झालं, घरी गेले. पीआय सर, म्हणजे ट्रायलचे मुख्य डॉक्टर, दोन दिवस एनरोलमेंटचा आकडा विचारत होते ते वेगळंच.

गेटपर्यंत जाऊन बाई परत आल्या. "तुमाले राग त नाही ना आला जी?"