आपल्याच भागातली वाईन-बीअर निवडायची कशी

आधी बीअर घ्या, कारण जवळची आणि लांबून आलेली यातला फरक तिथे लगेच कळतो. बीअरमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते जहाजातून हजारो किलोमीटर आणायचं कशाला, आणि बहुतेक बीअर ठेवून सुधारत नाही, उतरतच जाते. म्हणून कॅन उलटा करून तळाशी भरल्याची तारीख आहे का बघा. आयपीए (हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, भरपूर घातलेली बीअर) असेल तर दोन-तीन महिन्यांच्या आतलीच, पुढे हॉप्सचा तो लिंबू-संत्र्याचा वास विरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव यायला लागते. स्टाउट (काळपट, दाट बीअर) किंवा जास्त अल्कोहोलवाली जरा जुनी चालते. हिरवी किंवा पारदर्शक बाटली उजेडात मांडलेली असेल तर घेऊच नका, उजेडाने हॉप्स बिघडतात आणि बीअरला घाण वास येतो.

मग लेबलवरची बारीक अक्षरं. कोणी बनवली आणि कोणी नुसती भरली हे वेगवेगळं असू शकतं! नाव आपल्या भागाचं आणि बीअर भलत्याच ठिकाणी दुसऱ्याच्या कारखान्यात बनलेली, असं सर्रास चालतं. वाईनमध्ये तर कंटेनरमधल्या एका मोठ्या पिशवीतून २४,००० लिटरपर्यंत वाईन येते आणि इथे फक्त बाटल्या भरतात, म्हणून द्राक्षं कुठली आणि कुठल्या वर्षाची हे लिहिलंय का बघा, नसेल तर सरळ विचारा. बीअरच्या बाबतीत मात्र सगळंच जवळचं हवं असा हट्ट नको, जगातले बहुतेक हॉप्स अमेरिका आणि जर्मनीतच पिकतात.

वाईनची बाटली हातात घेऊन वजनही बघा. ७५० मिलीची रिकामी बाटली साधारण अर्धा किलोची, काही तर किलोच्या जवळ जातात, आणि जड काचेने आतली वाईन काही चांगली होत नाही, हलकीच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमलं तर वायनरीत किंवा ब्रुअरीत जाऊन चाखा. आधी व्हाइट, मग रेड, आणि थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते बिनधास्त वापरा. लांबच्या कुठल्या प्रसिद्ध वाईनसारखी आहे का हे विचारू नका, तुमच्या मातीत कुठलं द्राक्ष चांगलं येतं ते विचारा, बनवणारे यावर भरभरून बोलतात. थंड भागात आंबटसर, तरतरीत व्हाइट छान जमते, उन्हाच्या भागात भरदार रेड, तेव्हा तिथलं जे खरंच चांगलं तेच घ्या. गाडी कोण चालवणार हे निघायच्या आधी ठरवा, त्याच्या वाट्याची बाटली बंदच घरी नेऊ दे.