एपीआयचा जेसन पायथनमध्ये वाचताना

एपीआय म्हणजे दुसऱ्या सर्व्हरकडून प्रोग्रामने माहिती मागवण्याची सोय, आणि जेसन म्हणजे ती माहिती ज्या मजकुराच्या साच्यात येते तो. असा जेसन पायथनमध्ये उघडणं हे एका ओळीचं काम. गडबड होते ती त्या ओळीच्या आधी आणि नंतर.

वेबवरून माहिती मागवणारी 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी वापरत असाल तर तिच्या 'गेट'ला 'टाइमआउट', म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, द्याच. सुरुवातीला १० सेकंद ठेवा. तो दिला नाही तर लायब्ररी स्वतःहून वेळेची मर्यादा घालत नाही, आणि सर्व्हर गप्प बसला की स्क्रिप्टही लटकते. शोधाचे शब्द यूआरएलला हाताने चिकटवू नका. 'पॅराम्स'मध्ये डिक्शनरी (की म्हणजे नाव आणि त्याची व्हॅल्यू यांच्या जोड्या) द्या, म्हणजे स्पेस आणि मराठी अक्षरांचं एन्कोडिंग आपोआप होतं.

उत्तर आलं की आधी 'रेज फॉर स्टेटस', मग 'जेसन' मेथड. ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) असा कोड आला तरी रिक्वेस्ट्स आपणहून तक्रार करत नाही; 'रेज फॉर स्टेटस' तेव्हा एरर देतो. 'जेसन डीकोड एरर' येऊन त्यात लाइन १, कॉलम १ दिसलं, तर बहुतेक वेळा सर्व्हरने जेसनऐवजी एचटीएमएलचं पान किंवा रिकामा मजकूर धाडलेला असतो. आलेल्या उत्तराच्या 'टेक्स्ट'ची पहिली २०० अक्षरं प्रिंट करा, लगेच कळतं. ४२९ आला तर विनंत्या जास्त झाल्या आहेत. 'रिट्राय आफ्टर' हेडर असेल तर तेवढं थांबा.

आता खरी मेख. समजा, प्रत्येक ग्राहकाच्या डिक्शनरीत 'पत्ता' आणि त्याच्या आत 'शहर' आहे. चौकटी कंसाने वाचलं आणि ती 'की' तिथे नसली, तर 'की एरर'. म्हणून लोक डिक्शनरीची 'गेट' मेथड (रिक्वेस्ट्सचा 'गेट' वेगळा) वापरतात आणि दुसऱ्या जागी रिकामी डिक्शनरी देतात. तेही पुरत नाही! 'की' आहे पण तिची व्हॅल्यू 'नल' (जेसनमधलं 'काहीच नाही') आहे, असं झालं तर पायथन त्याचा 'नन' करतो. की सापडली म्हणून तुमची रिकामी डिक्शनरी वापरलीच जात नाही, आणि पुढचा 'गेट' 'नन'वर आपटून 'ॲट्रिब्यूट एरर' येतो. उपाय छोटा आहे: 'गेट'ला फक्त कीचं नाव द्या, त्यापुढे 'ऑर' लिहून रिकामी डिक्शनरी ठेवा आणि हे सगळं कंसात घ्या. मग की नसो वा नल असो, पुढचा 'गेट' सुखरूप चालतो. मात्र हीच युक्ती आकड्यांवर करू नका, कारण 'ऑर'च्या लेखी ० सुद्धा रिकामाच. खरा शून्य बदलून जाईल. तिथे 'इज नन' अशी थेट तपासणी हवी.

पैशांचे दशांश आकडे फ्लोटमध्ये (पायथनचा नेहमीचा, अंदाजे साठवणारा दशांश प्रकार) घेतले की ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही. 'जेसन' मेथडलाच 'पार्स फ्लोट' म्हणून 'डेसिमल' (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) द्या.

फाइलमध्ये साठवताना 'जेसन डंप'ला 'एन्शुअर आस्की' फॉल्स सांगा. नाहीतर 'नदी'च्या जागी बॅकस्लॅश-यू लावलेले ०९२८, ०९२६, ०९४० असे कोड दिसतात. माहिती शाबूत असते, पण माणसाला वाचता येत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' लिहा; विंडोजवर ते न लिहिल्यास मराठी मजकूर लिहितानाच 'युनिकोड एन्कोड एरर' येऊ शकतो आणि फाइल अर्धवट राहते.