गणपतीला गावी निघताना पिल्लाचा डबा

पिल्लू चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा चिमुकल्या जातीचं, वय तीन महिन्यांच्या आत आणि वजन जेमतेम किलोभर असेल, तर यंदा त्याला गावी नेऊच नका. विश्वासाचं माणूस असेल तर त्याच्याकडे ठेवा. न्यायचंच असेल, तर स्वतःच्या बॅगा भरण्याआधी त्याचा डबा भरा.

या पिल्लांची साखर फार लवकर उतरते. यकृतात साठा थोडा, अंगावर मांस नाही, आणि मेंदूला तर साखर सतत लागते. मोठं कुत्रं दिवसभर जेवलं नाही तरी निभावतं. याला काही तासांचा उपासही जड जातो. त्यात गारठा, जंत, जुलाब किंवा प्रवासाचा शीण असला की रक्तातली साखर डेसिलिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या खाली जायला वेळ लागत नाही.

आमची चूक इथेच झाली. गाडीत उलटी होईल म्हणून पहाटे त्याला उपाशीच घेऊन निघालो. माणगावच्या कोंडीत तासन्‌तास अडकलो. पिल्लू मांडीवर झोपलंय असं वाटत होतं. उचललं तर मान ओल्या फडक्यासारखी लोंबली. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही; हिरड्या पांढऱ्याफटक आणि गार. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "अगो, ह्येच्या पोटात काय नाय." पंचामृतासाठी घेतलेली मधाची बाटली तिनेच उघडली आणि मधाचं बोट हिरड्यांवरून फिरवत राहिली. काही मिनिटांनी पिल्लाने ते बोट चाटलं.

तेव्हापासून मधाची छोटी बाटली डिकीत नाही, गाडीच्या दारातल्या कप्प्यात असते. मध नसेल तर साखरेचं घट्ट पाणी किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर चालते. पिल्लू शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. फक्त हिरड्यांना चोळा. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका. अंग टॉवेलात गुंडाळा. ते नीट गिळायला लागलं की लगेच रोजचं खाणं द्या, कारण नुसत्या गोडावर आलेली साखर पुन्हा घसरते. तरतरी आली तरी डॉक्टरांना दाखवाच. मध हे औषध आहे, रोजचा खाऊ नाही.

डब्यात घरचं नेहमीचंच खाणं घ्या, वाटेत नवीन काही नको, पोट बिघडतं. दर तीन-चार तासांनी थोडं थोडं भरवा. उलटी होत असेल तर उपाशी ठेवण्यापेक्षा निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, तेव्हाच जंतांच्या औषधाचंही बघून घ्या. गावाजवळ कुत्र्यामांजरांना तपासणारे डॉक्टर कोण, सणाच्या दिवशी दवाखाना उघडा आहे का, हे फोन करून ठरवा आणि नंबर कागदावर लिहा; वाडीत रेंज असेलच असं नाही. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही त्याच कागदावर असू द्या.

सुकी चादर आणि गरम पाण्याची पिशवी हवीच. पावसात भिजलेलं पिल्लू कुडकुडतं, आणि कुडकुडण्यातही साखर खर्च होते. पिशवीला फडकं गुंडाळा, नाहीतर कातडी भाजते.

घरी पोचल्यावर मोदकांपासून जपा. सारणातले मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. कुणाच्या पर्समध्ये शुगर-फ्री च्युइंगगम असेल तर ते वर ठेवायला सांगा: त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन उसळतं आणि साखर कोसळते. मुलांना पिल्लू हवंच असतं, तेही खेळता खेळता भूक विसरतं. म्हणून आरतीच्या गलक्यापासून लांब, माजघरात त्याचा कोपरा करा आणि झोपलेलं असताना कुणी उचलायचं नाही असं पोरांना बजावून ठेवा.

आणि एक पेन्सिल. घरात वीस माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने भरवलं असेल. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भरवायच्या वेळा लिहा, रात्री झोपतानाची आणि पहाटेचीसुद्धा, आणि ज्याने भरवलं त्याने तिथे खूण करायची.