तेलाने दुखणं थांबलं, की उंदीर नुसता पेंगला?

कोल्हापुरात फार्माकॉलॉजीला (औषधांचा शरीरावरचा परिणाम अभासणारी शाखा) एम. फार्म. करायला आलेली पुष्कळ मुलं सिनॉप्सिससाठी, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यासाठी, वनस्पतीचाच विषय घेतात, आणि ते साहजिक आहे. बांधाबांधावर निर्गुडी, परसात गवती चहा, आणि घरात गुडघ्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेणारं कुणीतरी असतंच. माझा विषयही तोच होता: निर्गुडीच्या पानांचं सुगंधी तेल, आणि त्याने वेदना व खाज कमी होते का. या वाटेने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

झाड लहानपणापासून ओळखीचं असलं तरी तेवढ्यावर भागत नाही. फुलोऱ्यासकट फांदी दाबून वाळवा आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी तज्ज्ञांकडून ऑथेंटिकेशन, म्हणजे झाड तेच असल्याची खात्री, करून घ्या. पाला राधानगरी अभयारण्यातून आणायचा नाही, शेताच्या बांधावरचा पुरतो. पण एकाच जागेचा, एकाच हंगामातला, सगळ्या प्रयोगांना पुरेल इतका एकदमच गोळा करा. निर्गुडीच्या तेलातल्या घटकांपैकी कधी सॅबिनीन जास्त सापडतं, कधी बीटा-कॅरिओफायलीन. पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं तेल एकच धरून चाललात तर पुढचे सगळे आकडे डळमळतात.

क्लेव्हेंजरवर, म्हणजे वाफेने तेल काढायच्या काचेच्या उपकरणावर, किलोभर ताजा पाला तासन्‌तास उकळूनही हाती फार तर काही मिलिलिटर तेल येतं. निर्जल सोडियम सल्फेटवर त्यातलं पाणी काढा आणि तेल गडद रंगाच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा. गळ्यापर्यंत का, तर अर्ध्या बाटलीतल्या हवेने तेल बिघडतं. लिमोनीन आणि लिनालूल हे सुगंधी तेलांतले घटक हवेत ऑक्सिडाइझ झाले की तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडं त्वचेला अ‍ॅलर्जी आणतात. म्हणजे खाज घालवायला निघालेलं तेल स्वतःच खाज सुटायचं कारण होऊ शकतं. जीसी-एमएसला (तेलातले घटक ओळखणारी तपासणी) पाठवायचा नमुना उंदरांना द्यायच्या त्याच बॅचचा असू द्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखालच्या सीसीएसईए या समितीचे नियम आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. बैठका रोज होत नाहीत, म्हणून अर्ज आधी करा, पाला नंतर आणा. तुलनेसाठी ट्रॅमाडोल हे वेदनाशामक घ्यायचा विचार असेल तर २०१८ पासून तेही अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. डायक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाला ती कटकट नाही.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या रायदिंग टेस्टपासून सुरुवात करतात. पोटात पातळ अ‍ॅसिड टोचलं की उंदीर पोट आवळून अंग ताणतो, आणि ते पिळे मोजायचे. पण गुंगी आणणारं किंवा स्नायू सैल करणारं औषध दिलं तरी पिळे कमी होतात. सुगंधी तेलांत लिनालूलसारखे शामक घटक सर्रास असतात, त्यामुळे नुसत्या रायदिंगवर वेदनाशामक परिणामाचा दावा करणं मला पटत नाही. सोबत रोटारॉड घ्याच. तेल दिलेला उंदीर फिरत्या दांड्यावर टिकत नसेल, तर कमी झालेल्या पिळ्यांना अर्थ उरत नाही. पंजात फॉर्मालिन टोचून उंदीर तो किती चाटतो हे मोजणारी फॉर्मालिन टेस्ट जास्त सांगते. पहिल्या ५ मिनिटांतली वेदना थेट मज्जातंतूंची, साधारण १५ ते ३० मिनिटांतली दाहाची. तेल दोन्हींत चाललं की फक्त दुसऱ्या टप्प्यात, यावरून ते काम कुठे करत असेल याचा अंदाज येतो. उंदराला तापलेल्या पत्र्यावर ठेवायच्या हॉट प्लेट टेस्टला ५५ अंशांवर १५ सेकंदांचा कट-ऑफ पाळा, म्हणजे तेवढ्या वेळात त्याला उचला, नाहीतर पंजा भाजतो.

खाजेचं त्याहून अवघड. मानेमागे काही टोचलं की उंदीर मागच्या पायाने खाजवतो, मग ती खाज असो वा वेदना. शिमाडा आणि लामॉट या संशोधकांनी २००८ मध्ये गालाची पद्धत मांडली. गालात खाज आणणारं हिस्टामिन टोचलं तर उंदीर मागच्या पायाने खाजवतो, मिरचीतलं झोंबणारं कॅप्सेसिन टोचलं तर पुढच्या पंजाने गाल पुसतो. वेदना आणि खाज दोन्ही तपासायच्या असतील तर मी हीच पद्धत सुचवेन. हिस्टामिनबरोबर क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषधही ठेवा. त्याची खाज हिस्टामिनच्या वाटेने जात नाही आणि अँटिहिस्टामिनला दाद देत नाही. तेलाने तीही कमी झाली तर काही वेगळं हाती लागलं असं समजा. तेलात सिनिओल (निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक) असेल तर थंडाव्याचाही विचार करा. मेंथॉलसारखंच तेही थंडीची जाणीव करून देणारं मज्जातंतूंवरचं टीआरपीएम८ हे ग्राहक प्रथिन चेतवतं.

आणि वास! कुठल्या ग्रुपला तेल दिलंय हे खोलीत पाऊल टाकताच कळतं, मग ब्लाइंडिंग, म्हणजे मोजणाऱ्याला ग्रुप न कळू देणं, कसलं? यावर मला सापडलेला उपाय म्हणजे सगळं व्हिडिओवर घ्यायचं, फाइलींना सांकेतिक नंबर द्यायचे आणि त्या खोलीत न गेलेल्या मैत्रिणीकडून मोजून घ्यायचं. कंट्रोलला नुसतं पाणी देऊ नका. तेल पाण्यात मिसळायला जे ट्वीन ८० वापरता, तेच तितकंच द्या. दोन उंदरांमध्ये पिंजरा पुसून वास जाऊ द्या. तुमचा स्वतःचा वासही धरायला हवा. २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या मोगिल यांच्या गटाने दाखवलं, की पुरुष संशोधक खोलीत असला, इतकंच काय त्याने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी, ताणामुळे उंदरांची वेदना दबते. म्हणून सगळ्या प्रयोगांत खोलीत उंदीर हाताळणारं माणूस एकच असावं. आवाजाचा ताणही तसाच, तेव्हा गणपतीत डॉल्बी दणाणत असताना प्रयोग ठेवू नका.

हॉस्टेलवर बाटली दिसली की कुणीतरी कंबरेला लावायला तेल मागतंच. देऊ नका. उंदरांची मंजुरी माणसांना लागू होत नाही. त्यासाठी वेगळी एथिक्स कमिटी असते, आणि तिच्याकडे जाण्याआधी तेल त्वचेला झोंबतं का ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर, ओईसीडी ४३९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीने, तपासून घेता येतं.