क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात दगड वेचणं आणि घरी चमकवणं

ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला, आय-१० महामार्गावर क्वार्ट्झसाइट गाव आहे. उत्तरेकडची थंडी चुकवायला निवृत्त जोडपी आपापल्या घरगाड्या घेऊन इथे उतरतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसाची सरकारी जमीन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल लांब मुक्कामाला खुली असते. परवाना काढायचा आणि तळ ठोकायचा. फिनिक्सला मुलांकडे हिवाळा काढणाऱ्या आईबाबांनाही हे जमेल, गाडीने दोनेक तास लागतात. आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात गारगोट्या शोधलेल्या माणसाला इथला दगड ओळखायला वेळ लागत नाही.

सकाळी लवकर निघा. ऊन तिरपं असतं तेव्हा सूर्याकडे तोंड करून चालायचं: अकीक आणि कॅल्सेडनी हे गारगोटीच्या (क्वार्ट्झच्या) जातीचे दगड अर्धपारदर्शक असल्याने त्यांच्यातून उजेड आरपार येतो आणि ते मातीत दिव्यासारखे दिसतात. सूर्य पाठीशी असेल तर तेच दगड मळकट खडे वाटून पायाखालून निघून जातात. कोरड्या ओढ्यांचे काठ आणि पावसाने धुतलेले उतार आधी पाहा. मात्र गाडी ओढ्याच्या पात्रात उभी करू नका. लांब डोंगरात पडलेला पाऊस इथे अचानक लोंढा होऊन येतो.

माणशी दिवसाला ४ लिटर पाणी हवंच, थंडीतही. दगड उलटायला काठी वापरा, खाली विंचू असू शकतो. खिशात एक रुंद दातांचा कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा तुकडा कापडाला किंवा पायाला चिकटला की तो हाताने ओढायचा नाही, काटे उलट बोटांत रुततात. कंगवा तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये घालून झटक्यात उडवायचा. जुन्या खाणींच्या तोंडाजवळ तर जाऊच नका.

नियम जागेप्रमाणे बदलतात. राष्ट्रीय उद्यानांत खडाही उचलायचा नाही. दक्षिणेच्या कोफा अभयारण्यात फक्त क्रिस्टल हिलच्या भागात वेचता येतं, तेही जमिनीवर पडलेलंच आणि १२ महिन्यांत १० नग किंवा १० पौंड, जे आधी भरेल ते. खोदायला बंदी आहे. बाणाची दगडी टोकं, खापरं दिसली तर जागेवरच ठेवा, सरकारी जमिनीवरून ती नेणं गुन्हा आहे.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. दगड चमकणार की नाही हे यंत्रापेक्षा निवड आणि धुणं ठरवतं. चाकूचं टोक दगडावर दाबून ओढा: चरा पडला तर दगड मऊ, बाजूला ठेवा. चरा न पडता धातूची करडी रेघ उमटली तर तो क्वार्ट्झच्या जातीचा, घ्या. मग दगड भिजवून सुकू द्या. सगळा सुकला तरी एखादी बारीक रेघ ओली राहिली तर तिथे भेग आहे. असा दगड आत फुटतो आणि त्याच्या कपच्या बाकीच्यांना ओरखडतात.

३ पौंडी टंबलरचा (डबा गोल फिरवून दगड घासणाऱ्या यंत्राचा) रबरी डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरा, वाटाण्यापासून दीड इंचापर्यंत सगळे आकार मिसळून. डबा रिकामा राहिला तर दगड आपटून ठेचाळतात. ठासून भरला तर फिरतच नाहीत. ४ सपाट टेबलस्पून ६०/९० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घाला. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली. सात दिवस फिरवा, पण रोज एकदा झाकण उघडून वायू सोडा, नाहीतर डबा फुगतो. खळगे शिल्लक असतील तर पुढे न जाता ताजी भुकटी घालून हाच टप्पा पुन्हा करा. इथे घाई केली तर पुढचे तिन्ही टप्पे फुकट जातात. पुढे १२०/२२०, मग ५०० (नंबर वाढेल तशी भुकटी बारीक), शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश, प्रत्येकी सात दिवस आणि तेवढंच माप. दगड झिजून डबा उणा झाला की सिरॅमिकचे खडे घालून पातळी राखा.

प्रत्येक टप्प्यानंतर दगड, डबा, झाकणाची खाच, सगळं जुन्या टूथब्रशने घासा. जाड भुकटीचा एक कण जरी पॉलिशमध्ये गेला तरी सगळ्या दगडांवर ओरखडे उठतात. पॉलिशसाठी वेगळा डबा ठेवणं उत्तम. धुतलेला गाळ मोरीत ओतू नका, नळात तो सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांखाली टाका, तळाचा राडा कोरडा करून कचऱ्यात.

शेवटी साध्या अंगसाबणाचा चमचाभर कीस आणि पाणी घालून तासभर फिरवा आणि स्वच्छ पाण्यात खळबळून काढा. दगड पूर्ण सुकल्यावरच निकाल पाहा. ओला दगड नेहमीच चमकदार दिसतो.