गॅरेजमधील वर्कबेंच: पावसाळ्यात उघड्या पडणाऱ्या या चुका टाळा

आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरच्या गॅरेजमध्ये कामाचे टेबल उभारण्याचे काम बहुधा एप्रिल-मे महिन्यांत निघते. मुलांना सुट्टी असते, लाकूड वाळलेले असते, फरशी कोरडी ठणठणीत असते, आणि त्या दिवसांत बांधलेले कोणतेही टेबल पहिल्या दिवशी भक्कमच वाटते. जून सरता सरता मात्र शटरखालून पाणी आत येऊ लागते, फळ्या फुगतात, भिंती ओल धरतात आणि मे महिन्यात केलेली प्रत्येक चूक एकेक करून वर येते. मी उद्यमबागेत अनेक वर्षे फिटर म्हणून काम केले आहे. कारखान्यातील लोखंडी बेंच काँक्रीटमध्ये बोल्ट टाकून पक्के बसवलेले असते, त्याच्या जवळपास पाणी येत नाही आणि ते रोज कोणीतरी पुसते. घरच्या गॅरेजमधील टेबलाला यातले काहीच लाभत नाही, आणि तरीही आपण ते कारखान्यातल्या बेंचसारखेच राहील असे गृहीत धरून बांधतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एका गृहीतकातून जन्मतात, आणि त्यांपैकी पहिली मी स्वतः केलेली आहे.

चिऱ्याच्या भिंतीवर भार टाकणे

जागा वाचावी म्हणून पुढचे दोन पाय ठेवून मागची बाजू भिंतीला ब्रॅकेटने टांगायची, ही पद्धत दिसायला सुटसुटीत आहे. माझे पहिले टेबल असेच होते. गॅरेजची भिंत जांभ्या चिऱ्याची, वरून सिमेंटचा गिलावा. त्यात 10 मिलिमीटरचे अँकर फास्टनर ठोकले, पाना लावून आवळले आणि टेबलावर उभा राहूनही पाहिले. काही हलले नाही. ऑगस्टमध्ये व्हाइसमध्ये (टेबलावर बसवलेल्या, वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंजात) एक जाड पट्टी धरून हॅकसॉने कापत असताना टेबल प्रत्येक ओढीबरोबर किंचित पुढे येऊ लागले. वाकून पाहिले, तर ब्रॅकेटखालच्या भोकातून तांबडी भुकटी गळून खाली तिचा छोटा ढीग झाला होता. शेजारचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "काका, टेबल नव्हे ओ, भिंतच सुटायलीय की!" त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून कडक होत जातो, पण त्याच्या अंगातील छिद्रे जात नाहीत. अँकर फास्टनरची नळी आवळताना फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देऊन पकड घेते. काँक्रीट हा दाब सहन करते, जांभ्याची कड मात्र त्या दाबाखाली चुरडत जाते. त्यात करवतीचे मागे-पुढे हिसके आणि पावसाळ्यातील ओल यांची भर पडली की पकड हळूहळू सुटते. पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीतही हा अँकर तितकाच बेभरवशाचा, कारण ब्लॉकची कवचभिंत पातळ असते.

म्हणून टेबलाचा सगळा भार चार पायांवरून फरशीवरच उतरू द्यावा. भिंतीचा आधार हवाच असेल, तर तो टेबल सरकू नये एवढ्यापुरता घ्यावा. त्यासाठी भिंतीच्या आरपार बोल्ट घालून दुसऱ्या बाजूस लोखंडी पट्टी लावणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ते शक्य नसेल, तर भोक नीट फुंकून, ब्रशने साफ करून केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवलेला बोल्ट) वापरावा, कारण तो भोकाच्या कडांना ढकलत नाही, चिकटून बसतो. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी ठेवावी. तिथून हवा खेळते आणि आपल्याकडच्या तांबड्या मातीत सर्रास आढळणारी वाळवी भिंतीवरून वर चढली, तर तिची मातीची नळी वेळेवर दिसते. त्या फटीतून स्क्रू आणि ड्रिल-बिट मागे पडू नयेत म्हणून टेबलाच्या मागच्या कडेला चार इंच उंचीची पट्टी उभी लावावी.

टेबल हलते, पण कुठे हलते?

हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारणे ही सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत निरुपयोगी दुरुस्ती आहे, कारण हलण्याचे प्रकार निरनिराळे असतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. दोन्ही हात टेबलाच्या एका टोकाला लावून लांबीच्या दिशेने ढकलावे आणि घरातल्या कोणाला तरी खाली बसून पाय पाहायला सांगावे. एखादा पाय फरशीवरून उचलला जात असेल, तर दोष फरशीच्या पातळीचा आहे. चारही पाय जागेवर असून फक्त वरचा भाग झुलत असेल, तर दोष सांध्यांचा किंवा तिरप्या आधाराचा आहे. कडा स्थिर, पण मधोमध हातोडा मारल्यावर फळी उसळत असेल, तर फळी पातळ आहे किंवा खालचे आधार लांब लांब आहेत. आणि अख्खे टेबलच फरशीवर सरकत असेल, तर त्याला वजन कमी पडते आहे. खालच्या फळीवर जुने लोखंड किंवा वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या तरी फरक पडतो.

पातळीचा दोष आपल्याकडे जवळजवळ ठरलेला आहे, कारण पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार दिलेला असतो. 100 मिलिमीटरला 1 मिलिमीटर एवढा हलका उतार धरला, तरी दोन फूट रुंदीच्या टेबलाच्या मागच्या आणि पुढच्या पायांत 6 मिलिमीटरचा, आणि पाच फूट लांबीत 15 मिलिमीटरचा फरक पडतो. चारही पाय मोजून सारखे कापणे म्हणूनच चूक ठरते. पाय थोडे लांब ठेवावेत, टेबल त्याच्या नेहमीच्या जागी उभे करून तात्पुरत्या पाचरींनी पातळीत आणावे, सर्वांत मोठी फट जेवढी असेल तेवढ्या जाडीचा एक ठोकळा घेऊन तो फरशीवरून फिरवत चारही पायांवर चारही बाजूंनी रेघ मारावी आणि त्या रेघेवर पाय कापावेत. लोखंडी पाय असतील, तर नट वेल्ड करून त्यात उंची कमी-जास्त करता येणारे बोल्ट बसवणे अधिक सोपे.

लाकडी पायाचा खालचा कापलेला भाग स्पंजासारखा पाणी ओढतो. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, त्यामुळे फरशीवर साचलेले थोडे पाणीही पायात वर चढते. कापलेल्या टोकाला ऑइल पेंट किंवा इपॉक्सी दोन-तीन हात मुरवावे आणि प्रत्येक पायाखाली कडप्प्याचा तुकडा ठेवावा. एवढे न केल्यामुळे दोन पावसाळ्यांत खालून मऊ पडलेले सागवानी पाय मी पाहिले आहेत.

वरचा भाग झुलत असेल तर नवे खिळे ठोकून काही होत नाही. चौकोनी सांगाडा ढकलला की तिरका होतो, त्रिकोणी सांगाडा तसा होत नाही. म्हणून मागच्या दोन पायांमध्ये एक तिरपी पट्टी किंवा पूर्ण पाठीला 12 मिलिमीटरचे प्लायवूड स्क्रूने बसवावे. बहुतेक टेबले एवढ्यानेच एकदम शांत होतात. त्याच वेळी आडव्या पट्ट्या पायांना कशा जोडल्या आहेत तेही पाहावे. फळीचे सगळे ओझे केवळ दोन स्क्रूंच्या दांड्यांवर लोंबकळत ठेवणे योग्य नाही. पायात खाच घेऊन पट्टी त्या खाचेत बसवावी, म्हणजे ओझे लाकडावर येते आणि स्क्रू फक्त धरून ठेवतो. लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने घातलेला स्क्रू कमी पकडतो, तिथे बोल्टच हवा.

बोल्ट कधी आवळायचे, याबद्दल मात्र सावध राहावे. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर बोल्ट ताकदीने आवळला, तर वॉशरखालचे लाकूड दबून बसते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड सुकले की तोच बोल्ट हाताने फिरू लागतो. मोठा वॉशर वापरावा आणि आवळण्याचे काम मार्चमध्ये करावे.

वरची फळी

खानापूरच्या जंगलाशी आपले नाते जुने असल्यामुळे टेबल म्हटले की सागवान, असे आपल्याकडे समीकरण आहे. पायांसाठी सागवान किंवा मत्ती (ऐन) उत्तमच. पण वरच्या फळीवर हातोडा, छिन्नी आणि वेल्डिंगच्या ठिणग्या पडणार आहेत, तिथे महागडे लाकूड घालण्याची गरज नाही. पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया आणि दारांच्या चौकटी मिळाल्या, तर त्या अधिक चांगल्या, कारण ते लाकूड कित्येक वर्षे मुरलेले असते. रंधा मारण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावा; आत मोडून राहिलेला एक खिळाही रंध्याच्या पात्याला दाते पाडतो.

प्लायवूड घेणार असाल, तर एकच 18 मिलिमीटरची फळी टाकून मोकळे होऊ नये. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे दोन थर पूर्ण पृष्ठभागावर फेविकॉल लावून एकजीव चिकटवले तर ताठपणा सुमारे आठपट होतो; नुसते एकावर एक ठेवले तर जेमतेम दुप्पट. प्लायवूडवरील शिक्का पाहून घ्यावा. आयएस 303 या भारतीय मानकातील एमआर प्रतीचे प्लाय कोरड्या खोलीसाठी असते, बीडब्ल्यूआर प्रत ओल अधिक सोसते, आणि आपल्या पावसाळ्यात शटरच्या गॅरेजसाठी मी एमआर घेणार नाही. कापलेल्या कडांनाही रंग लावावा. वर सनमायका लावण्याचा मोह टाळावा, त्यावर वस्तू घसरतात.

फळ्या जोडून वरचा भाग करणार असाल, तर त्या खालच्या आडव्या पट्ट्यांना सगळीकडून घट्ट जखडू नयेत. दोन फूट रुंदीची सागवानी फळी कोरड्या आणि ओल्या ऋतूंमध्ये रुंदीत चार-पाच मिलिमीटर सहज मागे-पुढे होते. जखडली तर ती उन्हाळ्यात फाटते किंवा पावसाळ्यात मधोमध फुगवटा धरते. पुढच्या कडेचे स्क्रू पक्के ठेवावेत आणि मागच्या बाजूची भोके लांबट करून त्यात वॉशरसह स्क्रू घालावेत, म्हणजे हालचालीला मागे वाट मिळते.

उंची आणि व्हाइस

स्वयंपाकघरातील ओट्याची उंची मोजून तीच टेबलाला देणे ही चूक पाठीला महागात पडते. रंधा मारण्याचे काम जास्त असेल, तर सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगट जिथे येते, त्याच्या आसपास फळी असावी. कानस आणि हॅकसॉचे काम जास्त असेल, तर व्हाइसच्या जबड्याचा वरचा भाग कोपराच्या उंचीला यावा; साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे कोपर साधारण 41-42 इंचांवर येते आणि व्हाइस स्वतः सहा-सात इंच उंच असतो, तेव्हा फळी 35 इंचांच्या जवळपास येते.

व्हाइस टेबलाच्या मधोमध बसवू नये. तो पायाच्या अगदी वर असावा, म्हणजे हातोड्याचा मार सरळ फरशीत उतरतो. त्याच्या मागच्या, न हलणाऱ्या जबड्याचा चेहरा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर आला पाहिजे. आत राहिला तर लांब पाइप उभा धरताच येत नाही, तो कडेला अडतो. लाकडी स्क्रूने व्हाइस बसवू नये. आरपार बोल्ट, खाली लोखंडी पट्टी आणि दुहेरी नट लावावेत, आणि खण करायचा असेल तर त्या बोल्टांना चुकवून करावा.

वीज, ठिणगी आणि पेट्रोल

ओल्या फरशीवर उभे राहून 230 व्होल्टची हत्यारे चालवणे धोक्याचे आहे. टेबलासाठी स्वतंत्र सर्किट, पक्के अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर करू नये. सॉकेट टेबलाच्या वर, मागच्या पट्टीच्याही वर बसवावेत. फरशीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर एकत्र चालवू नयेत. उभे राहण्याच्या जागी रबरी मॅट टाकावी. दिवा पाठीमागे असला, तर आपलीच सावली कामावर पडते. तो टेबलाच्या समोर, थोडा डावीकडे असावा.

लाकूडकाम आणि लोखंडकाम एकाच टेबलावर करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी. ग्राइंडरची बारीक लोखंडी धूळ सागवानावर पडते, पहिल्या ओलीबरोबर लाकडातील टॅनिनशी तिचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर काळेनिळे ठिपके उमटतात, जे नुसते पुसून जात नाहीत. ग्राइंडरला वेगळा कोपरा द्यावा, नाहीतर टेबलावर जुनी पत्र्याची शीट टाकावी. फळीला जवसाचे तेल लावत असाल, तर तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल हवेत वाळताना उष्णता निर्माण करते आणि बोळा झालेले फडके आपोआप पेटू शकते. फडके बाहेर दोरीवर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

गॅरेजमध्ये स्कूटर किंवा मोटारसायकल असतेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती फरशीलगत साठते आणि ग्राइंडरच्या ठिणग्या नेमक्या तिकडेच उडतात. ठिणगीचे काम काढण्यापूर्वी गाडी आणि पेट्रोलचा डबा बाहेर अंगणात न्यावा, शटर पूर्ण उघडावे आणि टेबलाखालचा भुसा झाडून घ्यावा. भुशात पडलेली ठिणगी बराच वेळ नुसती धुमसत राहते, म्हणून ग्राइंडर बंद केल्यानंतर अर्धा तास तिथेच हत्यारे पुसत थांबावे, टेबलाखाली वाकून धूर किंवा जळका वास नाही ना हे पाहावे आणि मगच शटर खाली ओढावे.