बेसबॉल कार्डांचा बॉक्स मिळून कसा फोडायचा

नांदेड, लातूर, संभाजीनगरचे आपण चारदोन गडी मिळून बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांच्या पाकिटांचा सीलबंद बॉक्स मागवतो तेव्हा आधी हिशोब क्लिअर करा, बॉक्सची किंमत, कुरिअर आन कस्टम ड्युटी सगळं धरून, आन पैसे जमा झाल्याशिवाय ऑर्डर टाकूच नका.

मेजर लीगच्या (अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग) 30 टीम हायत, सहा जण असाल तर प्रत्येकी पाच, चिठ्ठ्या टाकून; ज्याच्या वाट्याला जी टीम, तिची कार्डं त्याची. यांकीज न डॉजर्स सगळ्यांनाच पाहिजे असतात म्हणून मला तर चिठ्ठीच बरी वाटते, आपल्या आवडीची टीम मागून घेण्यात उगं वाद.

आता खरी भांडणं कुठं होतेत तर खेळाडूनं टीम बदलली की. ह्वान सोटो 2024 ला यांकीजकडं होता, 2025 ला मेट्सकडं गेला, मग कार्ड कुणाचं? कार्डावर जी टीम छापलीय तिचंच, हे आधीच ग्रुपवर लिहून ठेवा. दोन टीमचे खेळाडू एकाच कार्डावर आले तर त्या टीम ज्यांच्या वाट्याला हायत त्या दोघांतच चिठ्ठी टाका.

फोडताना व्हिडिओ कॉल चालू ठेवा, सील अख्खं हाय ते आधी दाखवा. भज्याचे हात लावू नका बरं का, आन पंखा बंद करा. पाकीट वरच्या कडेनं हळू फाडा, कार्ड कडेला धरा, कोपरा दबला की किंमत गेली. कार्डाच्या मागं 12/50 असं काही (म्हणजी एकूण 50 पैकी 12 नंबरचं कार्ड) छापलेलं असलं तर कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवा, मग लगेच स्लीव्हमधी (पातळ प्लास्टिकची पिशवी) आन वरून टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर).

साधी कार्डं बी ज्याची त्याला द्या, कुणी नकोच म्हणलं तर गल्लीतल्या लेकरांना वाटा, लई खुश होतेत.